काळ्या रंगाचं वय

काळी-पिवळी टॅक्सीचं मॉडेल करायला घेतलं की पहिली अडचण काळ्या रंगाचीच येते. मॉडेलवर उन्हापावसाच्या आणि वापराच्या खुणा उमटवण्याच्या कामाला ते करणारे सगळे वेदरिंग म्हणतात. हे तंत्र वाढलं ते मुख्यतः रणगाड्यांच्या मॉडेलांवर. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन, अमेरिकेचे शेप पेन आणि पुढच्या पिढीतले स्पेनचे मिग हिमेनेझ ही त्यातली मोठी नावं. रणगाडा हिरवा, खाकी किंवा वाळूच्या रंगाचा असतो. त्याच्यावर पातळ केलेला गडद रंग सोडला की तो सांध्यांत जाऊन बसतो, रिव्हेटं उठून दिसतात आणि प्लास्टिक बघता बघता लोखंडासारखं जड वाटायला लागतं. तोच गडद रंग काळ्या टॅक्सीवर सोडला तर दिसतच नाही. इथे धूळ अंगापेक्षा फिकी, गंज अंगापेक्षा फिका, घासलेली कडाही अंगापेक्षा फिकी. रणगाड्यावर शिकलेलं सगळं उलटं करून वापरावं लागतं. जुन्या मोटारीचं वेदरिंग शिकायला मला म्हणूनच प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी सर्वांत चांगली वाटते. ती आयती युक्ती चालू देत नाही. आधी खरी गाडी नीट बघायला लावते.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण मॉडेलला ती लागते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार झाल्यावर तिथे फियाट ११०० तयार व्हायला लागली. लोकांनी तिला शेवटपर्यंत 'फियाट' म्हटलं, पण कागदोपत्री ती १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर, मागचे मडगार्ड दिव्यांपाशी किंचित शेपटीसारखे उठलेले. या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या आरटीओत. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

या तारखा पाठ करण्यासाठी नाहीत. त्यांच्यावरून पहिला निर्णय घ्यायचा असतो: आपली गाडी कुठल्या सालातली? १९७८ मधली टॅक्सी असेल तर विंडस्क्रीनच्या डाव्या अंगाला बाहेर लोखंडी मीटर हवा, ड्रायव्हर हात बाहेर काढून टाकायचा तो. २०१५ मधली असेल तर मीटर इलेक्ट्रॉनिक. आधीची गाडी पेट्रोलवरची, किंवा पुढे डिझेलचं इंजिन बसवलेली. तिचा सायलेन्सरचा पाइप आणि मागच्या बंपरचा तेवढा भाग काजळीने माखलेला. नंतरची सीएनजीवरची, तिच्यात काजळी फार कमी. पण डिकीत गॅसची टाकी आल्यामुळे सामान सगळं टपावरच्या कॅरिअरवर गेलेलं. म्हणजे काजळी कमी करायची आणि टपावरचे ओरखडे वाढवायचे. साल ठरवलं नाही तर मॉडेल करणारा दोन्ही करून बसतो, आणि मॉडेल नुसतंच मळकट दिसतं.

मोटारींच्या मॉडेलमध्ये १/२४ हे प्रमाण सोयीचं पडतं. अर्धा इंच म्हणजे एक फूट, असा त्याचा मूळ हिशेब. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण १६ सेंटिमीटरचं. तळहातावर मावणारं, तरीही आत गिअरची दांडी दाखवता येईल एवढं. किट असो, डाय-कास्ट असो, रेझिनचं असो की थ्रीडी प्रिंटवरून उभं केलेलं असो, हे प्रमाण डोक्यात सतत जागं ठेवावं लागतं. मॉडेलवर ब्रशचा एक मिलिमीटरचा ठिपका पडला तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच सेंटिमीटरचा पोपडा होतो. खऱ्या गाडीवरचा रंगाचा सगळा थर दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. मॉडेलवरही तेवढाच जाड रंग बसला तर गाडीला अडीच मिलिमीटर जाडीचं लुगडं नेसवल्यासारखं दिसतं आणि दरवाजांच्या फटी बुजतात. म्हणून रंगाआधी त्या फटी स्क्राइबरने पुन्हा कोरून खोल करायच्या आणि रंग एअरब्रशने, पातळ पातळ हातांत मारायचा.

रंगाआधी गाडीची बैठक बघायची. कारखान्यातून आलेली पद्मिनी सपाट उभी राहते, टॅक्सी राहत नाही. मागे पाटे, त्यांच्यावर वर्षानुवर्षं चार-चार सवाऱ्या, डिकीत टाकी, टपावर ट्रंका. पाटे बसतात आणि गाडी मागे खचते. मॉडेलचा मागचा एक्सल एक मिलिमीटरने वर घेतला की अंग मागून तेवढंच खाली येतं, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ अडीच सेंटिमीटर. तेवढं पुरे. रंगाचा एक थेंबही न लावता एवढ्यानेच गाडी कामावरची दिसायला लागते.

आतली बैठकही तशीच. पुढची सीट अखंड बाकासारखी, तिची ड्रायव्हरची बाजू दबलेली. एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर देऊन तो ओला असतानाच चमच्याच्या मागच्या बाजूने दाबला तर हा खोलगटपणा येतो. सीटवर रेक्झिन, त्यावर कुणी प्लास्टिक चढवलेलं, कुणी टॉवेल टाकलेला. छताला आतून नक्षीचं कापड. ही हौस इतकी मुंबईची की २०१५ मध्ये टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून खास टॅक्सीसाठी कापडं काढून घेतली. मॉडेलमध्ये हे छत खिडकीतून जेमतेम दिसतं, पण दिसतं. बारीक नक्षी छापलेला पातळ कागद आतून चिकटवायचा. डॅशबोर्डवर देवाची मूर्ती आणि हार हवाच. बॉनेट उघडं ठेवणार असाल तर स्पार्क प्लगच्या वायरींकडे लक्ष द्या: खरी वायर सुमारे ७ मिलिमीटरची, म्हणून मॉडेलमध्ये ती ०.३ मिलिमीटरची लागते. विजेच्या जुन्या वायरीतली तांब्याची एक तार बरोबर त्या मापाच्या आसपास असते.

आता रंग. वेदरिंगचं सगळं गणित द्रावकांवर उभं आहे. खालचा थर ज्यात विरघळतो ते वरच्या थरात नसलं पाहिजे. आधी लॅकर किंवा अ‍ॅक्रिलिकचा मूळ रंग, त्याच्यावर क्लिअर कोट, आणि त्याच्यावर एनॅमल किंवा तैलरंगाची कामं, जी व्हाइट स्पिरिटने पातळ होतात. चुकलं तर व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या ब्रशने वरचं पुसून टाकता येतं. खालचा रंग शाबूत राहतो. क्लिअर कोटचा पोतही कामाप्रमाणे बदलायचा. चकचकीत थरावर पातळ रंग फटीतून आपोआप धावत जातो. मॅट थरावर तो डाग धरतो, पण कोरड्या पिगमेंटची भुकटी मात्र मॅटवरच टिकते. उघड्या प्लास्टिकवर एनॅमलचा थिनर ओतू नका. ताणाखाली असलेलं पॉलिस्टायरीन त्याने तडकतं, आणि एक्सलची टोकं हमखास जातात.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. पावसाळ्यात लॅकर मारू नये. लॅकरचा द्रावक इतका झपाट्याने उडतो की पृष्ठभाग गार पडतो. हवेतलं बाष्प त्याच्यावर थिजतं आणि काळा रंग दुधाळ होतो. पांढऱ्या किंवा करड्या मॉडेलवर हे खपून जातं, काळ्यावर नाही. हळू उडणारा थिनर वापरला तर थोडी मदत होते, पण खरा उपाय म्हणजे कोरड्या दिवसाची वाट बघणं.

मूळ रंग म्हणून बाटलीतला शुद्ध काळा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. मॉडेल आपण अर्ध्या मीटरवरून बघतो. १/२४ च्या हिशेबाने ते खरी गाडी बारा मीटरवरून बघण्यासारखं झालं. बारा मीटरवर, उन्हात, काळी गाडी काळी नसते. आभाळ, रस्ता, समोरची इमारत या सगळ्यांचा उजेड तिच्यावर असतो. काळ्यात थोडा गडद तपकिरी आणि थोडा राखाडी मिसळला तर अंग काळंच वाटतं, पण त्यातल्या घड्या, दरवाजांच्या रेषा, मडगार्डची गोलाई दिसायला लागते. पुढे खऱ्या काळ्यासाठी जागा उरते ती वेगळीच: तो फटीत, चाकांच्या मागे आणि रेडिएटरच्या जाळीत वापरायचा.

आणि मग त्या काळ्याला वय द्यायचं. काळा रंग उन्हात विटतो असं आपण म्हणतो, पण काळ्या रंगातला कार्बन उन्हाला दाद देत नाही. विटते ती त्याला धरून ठेवणारी राळ. अतिनील किरणांनी तिची साखळी तुटते, पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो आणि काळं राखेसारखं दिसायला लागतं. बोट फिरवलं तर भुकटी हाताला येते. हे कारण कळलं की ब्रश कुठे चालवायचा ते आपोआप कळतं. ऊन वरून येतं, म्हणून बॉनेट आणि डिकीचं झाकण आधी राखाडी पडतं, दरवाजे नंतर, आणि बंपरच्या आडोशाचा भाग जवळजवळ तसाच राहतो. राखाडी तैलरंगाचे अगदी बारीक ठिपके बॉनेटवर टाकायचे आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने ते थोपटून पसरवायचे, इतके की रंग दिसू नये, फक्त चकाकी मेलेली दिसावी. दरवाजांवर सॅटिन क्लिअर, बॉनेटवर मॅट. हा पोताचा फरक कुठल्याही डागापेक्षा जास्त बोलतो, आणि नवशिक्यांच्या कामात नेमका तोच नसतो.

मात्र टॅक्सी ही टाकून दिलेली गाडी नव्हे. तिच्यावर घर चालतं. सकाळी गाडी काढण्याआधी बादलीत बुडवलेलं फडकं तिच्या अंगावरून फिरतं, काचा पुसल्या जातात, बॉनेटवर हात फिरतो. म्हणून धूळ सपाट अंगावर साचत नाही. जिथे फडकं पोचत नाही तिथे साचते: छताच्या कडेच्या पन्हळीत, दिव्यांच्या कड्यांभोवती, नंबर प्लेटच्या मागे, वायपरच्या मुळाशी, नावाच्या अक्षरांच्या पोटात. विंडस्क्रीनवर वायपरची दोन अर्धवर्तुळं स्वच्छ आणि त्यांच्या मधला त्रिकोण मळका. तेवढ्या भागावर मास्किंग टेप कापून लावली आणि बाकी काचेवर फिकट धुळीचा एक फवारा दिला की ते जमतं. बॉनेटवर फडक्याच्या कमानी दाखवायच्या असतील तर धुळीचा थर वाळायच्या आत सुती कापडाने हलके, एकाच दिशेने पुसायचं. ड्रायव्हरच्या खिडकीची कड उलट चकचकीत हवी. तिथे कोपर टेकलेलं असतं. रंग आधी गुळगुळीत होतो, मग खालचा प्रायमर दिसतो. दरवाजांच्या हँडलमागेही तसंच, नखांचे बारीक ओरखडे. या खुणांत माणूस दिसतो, आणि मला गंजापेक्षा त्या फार महत्त्वाच्या वाटतात.

धुळीचा रंग विकत आणताना लेबलवर विसंबू नये. तयार पिगमेंटच्या डब्यांवर युरोपातला चिखल, वाळवंट, उत्तर आफ्रिका अशी नावं असतात, कारण ती रणगाड्यांसाठी केलेली. मुंबईची टॅक्सी सहसा शहर सोडत नाही. तिची धूळ बेसॉल्टची खडी, सिमेंट आणि डांबराची आहे: थंड, करडी. चाकांच्या कमानीत जांभ्याचा तांबडा चिखल लावला तर गाडी रत्नागिरीला जाऊन आली असं बघणारा समजेल, आणि त्याचं बरोबरच असेल. पावसाळ्यात चाकांमागे उडालेले शिंतोडे वरून खाली नव्हे, चाक फिरतं त्या दिशेने मागे आणि वर जातात. कडक ब्रशवर पातळ करडा रंग घेऊन काडीने केसांवर फटका मारला की ते शिंतोडे त्याच दिशेने उडवता येतात. आधी कागदावर करून बघावं.

गंजाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण अतिरेक इथेच होतो. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की तो धरतो. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ त्या पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं आणि वेग वाढवतं. तयार होणारा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंगाखाली फोड येतो, फुटतो आणि मग तपकिरी दिसतं. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. त्याची जागाही ठरलेली: जिथे पाणी थांबतं. दरवाजाच्या तळाशी, तिथली भोकं कचऱ्याने बुजतात म्हणून. दरवाजांखालच्या पट्टीत. चाकांच्या कमानीच्या ओठावर, खडे आपटून रंग उडतो म्हणून. डिकीच्या झाकणाच्या रबराखाली. आणि पन्हळीत, जिथे कॅरिअरचे लोखंडी पाय टेकतात. बॉनेटच्या मधोमध गंजाचा गोल डाग काढणारा हौशी कलाकार पाण्याचा विचारच करत नाही.

पोपड्यांसाठी हेअरस्प्रेची पद्धत चांगली. आधी गंजाचा रंग, तोही एकसारखा नको; जुना गंज काळपट तपकिरी, नवा नारिंगी. त्याच्यावर सीलचा थर, मग हेअरस्प्रेचे दोन हात, आणि वर अ‍ॅक्रिलिकचा काळा. तासाभराच्या आत पाण्याने ओलसर करून आखूड केसांच्या ब्रशने टोचलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा काळा तुकड्यातुकड्याने सुटतो. कडा खऱ्या पोपड्यासारख्या वेड्यावाकड्या येतात. हाताने रंगवून त्या तशा येत नाहीत. मिठानेही असंच करता येतं: ओल्या पृष्ठभागावर जाडे-बारीक दाणे भुरभुरायचे, वाळू द्यायचे, वरून रंग मारायचा, मग दाणे घासून काढायचे. फुगलेल्या फोडासाठी रंगाआधी सुपरग्लूचा सूक्ष्म थेंब आणि त्याच्यावर चिमूटभर बेकिंग सोडा, मग हलका पॉलिश पेपर. कॅरिअरच्या पायाखालून उतरणारा ओघळ तैलरंगाचा: तपकिरी ठिपका ठेवायचा आणि थिनरने ओलावलेल्या चपट्या ब्रशने सरळ खाली ओढायचा. पिवळ्या छताच्या कडेवर तो ठळक दिसेल, खाली काळ्यावर जेमतेम. तसाच राहू द्यावा.

एवढा गंज कुठल्याही टॅक्सीवर फार दिवस टिकायचा नाही, कारण पासिंग जवळ आलं की गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते. तो कुजलेला पत्रा कापतो, नवा तुकडा जोडतो, वर लांबी भरतो, घासतो आणि रंग मारतो. पद्मिनीच्या अंगाचा खरा इतिहास या दुरुस्त्यांत आहे. एक मडगार्ड बाकीच्या अंगापेक्षा जास्त काळं आणि जास्त चकचकीत. दरवाजाच्या खालच्या भागात लांबीची किंचित लाट, उजेड तिरका पडला तरच दिसणारी. खिडकीच्या रबरावर चढलेला रंग, कारण मास्किंग करायला वेळ नव्हता. पिवळ्याचा एक शिंतोडा काळ्यावर. मॉडेलवर हे करणं सोपं आहे: एका पॅनेलला थोडा वेगळा काळा आणि ग्लॉस, रबरावर ब्रशचा एक निसटता फटकारा. तरीही हे फार कमी मॉडेलांवर दिसतं. छापील पुस्तकांतली उदाहरणं बहुतेक अमेरिकेच्या शेतात सडत पडलेल्या गाड्यांची असतात, आणि त्या गाड्यांची कुणी वर्षाला दुरुस्ती करत नव्हतं.

क्रोमची गोष्ट लहान आहे. किटमधलं क्रोम आरशासारखं आणि जाड असतं. घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ते काढता येतं. खिडक्यांच्या आणि अंगावरच्या पट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अतिपातळ धातूचा कागद मिळतो, तो लावून नव्या पात्याने कापायचा. टॅक्सीचा बंपर मात्र ठिपक्याठिपक्याने गंजलेला, किंवा सरळ चंदेरी रंग फासलेला. दोन्ही खरं आहे. साल बघून ठरवा.

टायर मात्र किटमधले तसेच लावू नयेत. बारीक पॉलिश पेपरने तळ घासून झिजवायचा, जमिनीला टेकणारी बाजू किंचित सपाट करायची, भिंतींवर करडी धूळ द्यायची. जुन्या किटांतल्या मऊ व्हिनाइल टायरमधलं प्लास्टिसायझर कालांतराने रिमच्या पॉलिस्टायरीनला वितळवतं, म्हणून रिमवर आधी रंगाचा पक्का थर हवा.

पुढच्या बंपरखाली लिंबू-मिरची बांधायची तर लिंबू दोन मिलिमीटरपेक्षा मोठं नको. पुट्टीची गोळी, ताणून हिरव्या रंगात बुडवलेल्या स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिचे) तुकडे आणि काळा धागा. गाडी कितीही जुनी दाखवली असली तरी हे ताजं दाखवायचं. लिंबू पिवळंधमक, मिरच्या हिरव्यागार. दर शनिवारी ते बदललं जातं.

पिगमेंट शेवटी, आणि त्याच्यावर क्लिअर मारू नका. फवाऱ्याखाली अर्धी धूळ नाहीशी होते. व्हाइट स्पिरिटचा थेंब कडेने सोडला की तो ती भुकटी जागेवर धरून ठेवतो. हे काम करताना तोंडाला मास्क बांधा आणि खिडकी उघडी ठेवा. मॉडेल तयार झाल्यावर ते अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत, उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवा. उघड्या कपाटात त्याच्यावर घरातली खरी धूळ बसते, आणि १/२४ च्या गाडीवर तिचा एकेक तंतू सुतळीएवढा जाड दिसतो. ती झटकायला गेलात तर वायपर आणि आरसे आधी तुटतात.